चिंताकी-औरादहून रेल्वे बघायला कुठं जावं? कमलनगरपासून वाडीपर्यंतची ठिकाणं

औराद तालुक्यात रेल्वे नाही. कमलनगर वेगळा तालुका झाला तेव्हा जे एक स्टेशन नावाला होतं तेही हिशेबातून गेलं. त्यामुळं चिंताकी, संतपूर, औराद इकडच्या माणसाला नुसती रेल्वे बघायची म्हटली तरी ठरवून निघावं लागतं. तरीही बघणारे आहेत. मोबाइलवर इंजिनांचे व्हिडिओ बघून नंबर पाठ करणारी पोरं आता खेड्यातही भेटतात. शहरात या छंदाला ट्रेनस्पॉटिंग किंवा रेलफॅनिंग म्हणतात. इकडं त्याला वेगळं नाव नाही, ‘गाडी बघायला जाणं’ एवढंच.

हा छंद काही नवा नाही. १९४२ साली इंग्लंडमध्ये इयान ॲलन नावाचा रेल्वेतला एक तरुण कारकून इंजिनांची चौकशी करणाऱ्या लोकांच्या पत्रांना उत्तरं देऊन देऊन कंटाळला आणि त्यानं इंजिनांच्या नंबरांची छोटी पुस्तिकाच छापली. तिथून वही-पेन्सिल घेऊन प्लॅटफॉर्मवर उभं राहणाऱ्यांची फौज तयार झाली. आपल्याकडं वहीची जागा मोबाइलनं घेतली आणि घोळ तिथंच सुरू झाला. वहीत नंबर लिहायला रुळावर उतरावं लागत नव्हतं. रीलसाठी मात्र पोरं थेट रुळावर उतरतात.

म्हणून चांगलं ठिकाण ठरवताना तीन गोष्टी बघाव्या लागतात. गाडी नीट दिसली पाहिजे, उजेड बरोबर पाहिजे आणि पाय रेल्वेच्या हद्दीबाहेर नाहीतर प्लॅटफॉर्मवर पाहिजेत. तिसरी गोष्ट जमत नसेल तर पहिल्या दोन कितीही जमू देत, ते ठिकाण सोडून द्यावं.

एकेरी मार्गाचं गणित

चिंताकीच्या माणसाला सगळ्यात जवळचा मार्ग म्हणजे विकाराबाद-बिदर-परळी. हा मार्ग एकेरी आहे. एकाच रुळावरून जाणाऱ्या आणि येणाऱ्या, दोन्ही गाड्या. दिवसभरात गाड्या मोजक्याच. मुंबई-पुण्याच्या माणसाला वाटेल, इथं काय बघायचं? पण एकेरी मार्गाची मजा वेगळी असते, ती दुहेरी मार्गावर मिळत नाही. तिचं नाव क्रॉसिंग.

समोरासमोरून दोन गाड्या येत असतील तर एकीला मधल्या स्टेशनात बाजूच्या रुळावर, म्हणजे लूप लाइनला घेतात. ती थांबते, दुसरी मुख्य रुळावरून धाडधाड निघून जाते, मग पहिलीला सिग्नल मिळतो. प्रवाशाला ही थांबाथांबी म्हणजे वैताग. बघणाऱ्याला मात्र एका जागी दोन गाड्या, दोन इंजिनं आणि स्टेशनचं सगळं काम बघायला मिळतं. त्यामुळं या मार्गावर गाड्या कुठं जास्त येतात हे शोधण्यापेक्षा आज गाड्या एकमेकींना कुठं भेटणार हे शोधावं.

ते शोधायची साधी रीत आहे. रेल्वेच्या चौकशी ॲपवर दोन्ही दिशांच्या गाड्या उघडाव्यात आणि त्या आत्ता कुठं आहेत ते बघावं. एक उदगीर सोडून खाली येतेय, दुसरी बिदरहून वर निघालीय, तर भेट भालकी-कमलनगरच्या आसपास होणार हे उघड आहे. एखादी गाडी अर्धा तास उशिरा असली की भेटीचं स्टेशन बदलतं. त्यामुळं वेळापत्रक पाठ करून उपयोग नाही, त्या दिवशीचा उशीर बघावा लागतो.

मालगाड्या मात्र या ॲपवर दिसत नाहीत. त्यांच्यासाठी सिग्नल वाचता आला पाहिजे. स्टेशनाच्या बाहेर गाडीला आत घेणारा जो खांब असतो तो होम सिग्नल. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरपी ओळ लागली की गाडी लूपला घेतलीय, म्हणजे बहुधा थांबणार आणि समोरून दुसरी येणार. नुसता हिरवा असेल तर गाडी सरळ निघून जाणार. हे एवढं कळलं तरी प्लॅटफॉर्मच्या कुठल्या टोकाला उभं राहायचं हे पाच मिनिटं आधी ठरवता येतं.

गाडी गेल्यावर आणखी एक गोष्ट बघण्यासारखी असते. शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली काढलेली असते. ती सजावट नव्हे. फुली दिसली म्हणजे गाडी पुरी आली, वाटेत कुठं डबा सुटून राहिला नाही, अशी स्टेशनातल्या माणसाची खात्री होते. ती झाल्यावरच मागचा रूळ मोकळा धरतात आणि पुढच्या गाडीला वाट देतात. पूर्वी एकेरी मार्गांवर यासाठी वेताच्या कड्यात घातलेला गोळा ड्रायव्हरच्या हाती द्यायचे. धावत्या इंजिनातून हात काढून ते कडं झेलणं ज्यांनी बघितलंय ती पिढी अजून गावोगाव आहे.

कमलनगर, भालकी, उदगीर

हा मार्ग निजामाच्या रेल्वेनं १९३० च्या सुमारास टाकला. लांबी विकाराबादपासून परळीपर्यंत सुमारे २७० किमी. तेव्हा बिदर जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके त्यात होते, तसेच जहीराबाद आणि नारायणखेडही. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. रूळ मात्र होते तिथंच राहिले. आज हीच गाडी विकाराबाद-जहीराबादला तेलंगणात असते, बिदर-भालकी-कमलनगरला कर्नाटकात आणि उदगीरला महाराष्ट्रात. मार्गाचा कारभार अजूनही सिकंदराबादहूनच चालतो. कमलनगरच्या प्लॅटफॉर्मवर दहा मिनिटं बसलं तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा कानावर पडतात. सीमाभागाची कल्पना कुणाला द्यायची असेल तर नकाशा काढण्यापेक्षा इथं आणून बसवावं.

चिंताकीहून औरादमार्गे कमलनगर हे पहिलं ठिकाण. स्टेशन छोटं, गर्दी कमी, समोरचं मोकळं दिसतं. नवख्यानं सुरुवात इथंच करावी. लहान पोरं बरोबर असतील तर इथलंच प्लॅटफॉर्म बरं, कारण गाडी थांबते तेव्हा इंजिन जवळून बघता येतं आणि पळापळ करावी लागत नाही.

कमलनगर आणि भालकीच्या मधे रेल्वे मांजरा ओलांडते. पावसाळा संपताना नदी भरलेली असते, तेव्हा पुलावरून जाणारी गाडी हे या पट्ट्यातलं सगळ्यात देखणं दृश्य आहे. पण पुलावर जायचं नाही, अगदी ‘दोनच मिनिटं’ म्हणूनही नाही. एकेरी मार्गाच्या पुलावर बाजूला व्हायला जागा नसते. गाडी वळणावरून दिसल्यावर माणूस टोकापर्यंत पळत पोचेल हा हिशेब नेहमी चुकतो. दृश्य नदीच्या काठावरून, पुलापासून लांबून चांगलं दिसतं. पुलावर उभं राहिल्यावर पूल दिसतच नाही, त्यामुळं तिथं जाण्यात फोटोचाही काही फायदा नाही. काठावरची जमीन कुणाची तरी असते, तेव्हा बांधावर उभं राहण्याआधी विचारून घ्यावं. तूर-सोयाबीन उभी असताना पिकात शिरलेल्या माणसाला शेतकरी जे बोलतो ते या पट्ट्यात कुठल्याही भाषेत सारखंच कळतं.

उजेडाचं एक सांगण्यासारखं आहे. भालकी ते उदगीर हा रूळ साधारण दक्षिण-उत्तर जातो. चिंताकी-औरादकडचा माणूस पूर्वेकडून येतो, म्हणजे सकाळी त्याच्या पाठीशी सूर्य आणि समोर उजळलेली गाडी. सकाळी लवकर निघणाऱ्याला काही शोधायची गरजच नाही. दुपारनंतर फाटकातून पलीकडं जाऊन पश्चिमेची बाजू धरावी. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळं उदगीरहून बिदरकडं येणाऱ्या गाडीचं तोंड दिवसभर उजेडात राहतं आणि उलट दिशेच्या गाडीचं सावलीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत फोटो काढायचे असतील तर खाली येणाऱ्या गाड्या धराव्यात.

उदगीर मोठं स्टेशन. इथं प्रवासी जास्त चढतात-उतरतात, गाड्या जरा जास्त वेळ थांबतात, आणि एखादी उशिरा असली तर चहा-नाश्त्याची सोय गावात आहे. उदगीरला जी सुशीला मिळते तीच खाली हुमनाबाद-गुलबर्ग्याकडं सुसला होते. मुरमुरे तेच, फोडणी तीच.

उदगीरच्या पुढं लातूर रोड. तिथून एक फाटा परळीला जातो आणि एक लातूरला. लातूरचा फाटा पुढं कुर्डुवाडीमार्गे मिरजेला पोचतो. एकेकाळी त्या मार्गावर बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुंदीची छोटी गाडी धावायची. कुर्डुवाडी-बार्शी हा तिचा पहिला टप्पा १८९७ साली सुरू झाला होता. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात पाण्याच्या टाक्या घेऊन ‘जलदूत’ मिरजेहून लातूरला आली ती याच बाजूनं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. रेल्वेचा कधी छंद नव्हता अशा लोकांनीही त्या वेळी ती मालगाडी डोळे भरून बघितली.

गाड्यांवरून भांडणंही या मार्गानं बघितली आहेत. २०१७ मध्ये मुंबई-लातूर एक्सप्रेस बिदरपर्यंत वाढवली तेव्हा लातूरकरांनी आंदोलनं केली आणि बिदरकरांना आनंद झाला. दोघांचंही चूक म्हणता येणार नाही. लातूरकरांना आपली जागा जाईल ही भीती होती आणि बिदरकरांना मुंबईची थेट गाडी हवी होती. आजही बिदर-मुंबई गाडी आठवड्यातून काही दिवसच असते. ती बघायची असेल तर आजचा वार तिचा आहे का हे आधी पाहावं, नाहीतर प्लॅटफॉर्मवर बसून दुपार जाते.

बिदर, खानापूर आणि नवा मार्ग

औरादहून बिदर चाळीसेक किलोमीटर, वाटेत कौठ्याला मांजरा लागते. बिदर स्टेशनात गाड्या सुटतात आणि संपतात, त्यामुळं उभं इंजिन निवांत बघायला मिळतं. एवढीच त्याची खासियत. फोटोसाठी जागा म्हणून ते काही खास नाही, गर्दी असते. एक काळजी मात्र घ्यावी. बिदरला हवाई दलाचं केंद्र आहे, विमानं सराव करत असतात. कॅमेरा तिकडं वळवू नये आणि ड्रोन तर पिशवीतही नको.

बिदर सोडून भालकीकडं निघालं की खानापूर लागतं. इथून गुलबर्ग्याचा नवा मार्ग फुटतो. बिदर-कलबुर्गी हा सुमारे ११० किमीचा मार्ग १९९७-९८ मध्ये मंजूर झाला आणि २९ ऑक्टोबर २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याचं बिदरमध्ये उद्घाटन केलं. मधे वीस वर्षं गेली. त्याआधी बिदरच्या माणसाला रेल्वेनं गुलबर्ग्याला जायचं तर विकाराबाद आणि वाडीचा भलामोठा वळसा पडायचा.

या मार्गावर गाड्या अजून थोड्या आहेत. तरी कमलापूरच्या बाजूला मरगुत्तीजवळ दीड किलोमीटरहून लांब बोगदा आहे आणि बिदरचं पठार सोडून गाडी खाली उतरते तो भाग बघण्यासारखा आहे. बोगद्याच्या तोंडाशी जायचा मोह होतो. जाऊ नये. कापलेल्या डोंगराच्या खिंडीत दोन्ही बाजूंना भिंती असतात, बाहेर पडायला वाट नसते, आणि वाऱ्याची दिशा उलटी असेल तर गाडीचा आवाज अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. बोगदा बघायचा असेल तर तिकीट काढून गाडीत बसावं. हुमनाबाद ते कलबुर्गी बसून जाणं हाच या मार्गाचा खरा उपयोग आहे. माणिकनगरला माणिकप्रभूंच्या दर्शनाला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना हुमनाबादला उतरून दोन्ही गोष्टी जमतात. घरचे दर्शनाला गेले की छंदवाल्याला स्टेशनात तासभर मिळतो, आणि ही वाटणी सगळ्यांना परवडते.

कलबुर्गी ते वाडी: गाड्यांची रांग

एका दिवसात खूप गाड्या बघायच्या असतील तर मुक्काम कलबुर्गीत करावा आणि रविवार वाडीला द्यावा. मुंबई-मद्रास हा जुना मुख्य मार्ग इथून जातो. जीआयपी रेल्वेनं तो १८७१ मध्ये रायचूरला नेऊन मद्रास रेल्वेला जोडला. तीन वर्षांनी, १८७४ मध्ये, निजामाच्या मुलखातली पहिली रेल्वे वाडीपासून सिकंदराबादपर्यंत सुरू झाली. तेव्हापासून वाडी जंक्शन आहे. सोलापूरकडून येणारा रूळ इथं दोन वाटांना लागतो, एक रायचूर-गुंतकल-बंगळूर-चेन्नईकडं, दुसरा तांडूर-विकाराबाद-हैदराबादकडं. उद्यान एक्सप्रेस, कर्नाटक एक्सप्रेस, हुसेनसागर, कोणार्क अशी नावं इकडच्या प्रत्येक घरात माहीत असतात, त्या सगळ्या इथून जातात.

रूळ आता दुहेरी आहेत आणि वर विजेच्या तारा आहेत. एकेरी मार्गावर बघणारा क्रॉसिंगची वाट बघतो, इथं त्याला वहीचं पान उलटायला फुरसत मिळत नाही. मधेमधे मालगाड्या असतातच. वाडी, शहाबाद, मळखेड, तांडूर हा सगळा चुनखडीचा पट्टा. सिमेंटचे कारखाने आणि घराघरात पसरलेली शहाबादी फरशी याच दगडातली. त्यामुळं सिमेंटच्या बंद वाघिणी आणि कोळशाच्या उघड्या वाघिणी अशा दोन्ही तऱ्हांच्या मालगाड्या दिसतात. नवख्याला मालगाडी कंटाळवाणी वाटते. पण इंजिनांचा खरा खजिना मालगाड्यांपुढंच असतो, कारण ती लांबलांबच्या शेडमधून आलेली असतात.

वाडीला प्लॅटफॉर्मच्या टोकाला, पादचारी पुलाच्या पायऱ्यांजवळ उभं राहिलं की दोन्ही वाटांवरचं दिसतं. पुलावर मधोमध थांबून वाट अडवू नये. गाडी आली की तिथून माणसांची झुंड जाते. सावली कमी आहे आणि सिमेंटची धूळ असते, तेव्हा मार्चनंतर दुपारी वाडीला जाऊच नये.

कलबुर्गी-बंगळूर वंदे भारत १२ मार्च २०२४ रोजी सुरू झाली तेव्हापासून पोरांना ती बघायची असते. ती पहाटे सुटते आणि रात्री परत येते, त्यामुळं थंडीत फोटोवाल्याच्या फार कामाची नाही. बघायचीच असेल तर कलबुर्गी स्टेशनातच, सुटण्याच्या वेळी. लातूरजवळच्या रेल्वे डबा कारखान्यात वंदे भारतचे शयनयान डबे बांधायचं ठरलंय. तो कारखाना बघायला मिळेल म्हणून कुणी तिकडं जाऊ नये, आत सोडत नाहीत.

ज्यांना दर्शन आणि छंद एकत्र करायचे त्यांच्यासाठी या मार्गावर गाणगापूर रोड आणि अक्कलकोट रोड ही दोन स्टेशनं आहेत. पौर्णिमेला टाळावं, पाय ठेवायला जागा नसते.

इंजिन वाचायचं कसं

इंजिनाच्या अंगावरची अक्षरं म्हणजे त्याचा जन्मदाखला. पहिलं अक्षर डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ. दुसरं डी असेल तर डिझेल, ए असेल तर वीज. तिसरं पी असेल तर प्रवासी गाडीसाठी, जी असेल तर मालगाडीसाठी, एम असेल तर दोन्हीसाठी. म्हणून डब्ल्यूएपी-७ म्हणजे विजेचं प्रवासी इंजिन आणि डब्ल्यूडीजी-४ म्हणजे डिझेलचं मालवाहू. खाली पाच आकडी नंबर असतो आणि शेडचं नाव. बिदरच्या मार्गावर लालागुडा, काझीपेठ, मौला अली ही तेलंगणातली नावं दिसतात, सोलापूरच्या मार्गावर कल्याण आणि पुणेही. गुत्ती, कृष्णराजपुरम असं काही दिसलं तर इंजिन दक्षिणेकडून आलंय. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, नंबर, शेड आणि गाडी एवढे सहा रकाने आखले तरी पुरतं. वर्षभरानं तीच वही उलटून बघितली की कुठल्या गाडीला कुठल्या शेडचं इंजिन लागतं हे आपोआप कळायला लागतं.

बिदर-परळी मार्गावर डिझेल इंजिनं कमी होत चाललीत, कारण तिथंही तारा आल्या आहेत. डिझेलचा तो धूर आणि घरघर ज्यांना आवडते त्यांनी फार वाट बघू नये.

तारा, फाटक आणि कायदा

या तारांमुळं एक जुनी सवय जिवावर बेतू शकते. तारेत २५ हजार व्होल्ट असतात. तिला हात लागायचीही गरज नाही, फार जवळ गेलं तरी वीज झेप घेते. म्हणून दोन मीटरच्या आत शरीर, काठी, सेल्फी स्टिक किंवा ओली छत्री काहीही नेऊ नये. उभ्या मालगाडीच्या वाघिणीवर किंवा टाकीवर चढून फोटो काढणं म्हणजे थेट त्या दोन मीटरच्या आत जाणं. पूर्वी डिझेलच्या काळात पोरं उभ्या वाघिणीवर चढायची आणि रागावून सोडून दिली जायची. आता रागवायला माणूस शिल्लक राहत नाही. घरातल्या मोठ्यांनी हे लहानांना एकदा बसवून सांगितलं पाहिजे, कारण आपल्या लहानपणीच्या गोष्टी त्यांनीच कौतुकानं सांगितलेल्या असतात.

तारा असलेल्या फाटकावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी कमान असते, ४.६७ मीटर उंचीची. कडब्यानं किंवा उसानं उंच भरलेलं वाहन तिच्याखालून जात नसेल तर ते फाटकातून न्यायचंच नाही. फाटकाच्या आधी रुळाच्या कडेला ‘सी/फा’ अशी पिवळी पाटी दिसते. म्हणजे सीटी, फाटक. तिथून ड्रायव्हर लांब भोंगा वाजवतो. बघणाऱ्याला ती पाटी म्हणजे फुकटचा इशारा, भोंगा ऐकला की कॅमेरा तयार ठेवायचा. मोठ्या रुळांवरची बिनमाणसाची फाटकं २०१९ पर्यंत बंद झाली, अनेक ठिकाणी त्यांच्या जागी भुयारी रस्ते आले. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि आतून गाडी दिसतही नाही, त्यामुळं जुन्या माहितीवर ‘अमक्या फाटकावर’ जाऊन उभं राहण्याआधी फाटक अजून आहे का हे गावात विचारावं.

रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्टेशनात उभं राहायला दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट पुरतं, ते दोन तास चालतं. दिवसभर बसायचं असेल तर पुढच्या एक-दोन स्टेशनांचं साधं तिकीट काढून गाडीतून फिरणं जास्त बरं, बघणंही होतं. घरगुती फोटोला सहसा कुणी आडवं येत नाही, पण तिपाई लावली, माईक धरला की प्रश्न येतात. व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागतेच. छोट्या स्टेशनात आधी स्टेशन मास्तरांना भेटून ‘गाड्या बघायला आलोय’ एवढं सांगावं. बहुतेक वेळा पुढची गाडी किती वाजता हेही तेच सांगतात. ड्रायव्हरच्या तोंडावर फ्लॅश मारू नये. रात्रीच्या अंधारात त्याला सिग्नल दिसायचा असतो.

अडचण आली तर रेल्वेचा मदत क्रमांक १३९.

जाणं-येणं

दोन दिवसांत सगळं होत नाही, ओढूनताणून करूही नये. एका खेपेला कमलनगर-भालकी-उदगीर, दुसऱ्या खेपेला बिदर-हुमनाबाद-कलबुर्गी-वाडी अशी वाटणी बरी पडते. पहिली खेप घरी परत येऊन झोपण्यासारखी आहे, दुसरीला मुक्काम लागतो. कर्नाटकच्या रहिवासी महिलांना राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये शक्ती योजनेमुळं तिकीट नाही, सीमा ओलांडून उदगीरला गेलं की महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट. आधार कार्ड बरोबर असू द्यावं. पावसाळ्यात काळ्या मातीत दुचाकी घालू नये. रुळाकडं जाणाऱ्या पाणंदीतून ती ढकलत आणायला गाडी बघण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

नांदेड-देगलूर-बिदर या सुमारे १५७ किमीच्या नव्या मार्गाची मागणी जुनी आहे. देगलूर आणि बिदर यांच्या मधे औराद तालुकाच पसरलेला आहे, तेव्हा तो मार्ग झाला तर गाडी इथल्या शिवारातून जाणार. बिदर-कलबुर्गीला मंजुरीपासून उद्घाटनापर्यंत वीस वर्षं लागली होती. तोवर चिंताकीच्या पोरांना कमलनगरची सकाळची बस धरावी लागेल.